सही करण्याआधी : खाडीकाठचे घर, चाळीतली खोली आणि घटस्फोटाचा कागद



नायगावच्या बी.डी.डी. चाळीतून एका भगिनीचे चार पानी पत्र आले आहे. नाव छापू नका असे तिने दोनदा बजावले आहे, तेव्हा ते छापत नाही. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठी, एवढे सांगितले तरी आपल्याला पुरे. पत्रातला मुख्य भाग तिच्याच शब्दांत देते.

“ताई, लग्न २००३ सालचं. मी दादरला चार घरी स्वयंपाक करते, दुपारी फॉल-बिडिंग करते. मोठी मुलगी वीस वर्षांची, मुलगा सोळाचा. दीड वर्षापासून मालक आमच्यात राहत नाहीत. आता म्हणतात, राजीखुशीने घटस्फोट घेऊ. कागद तयार करून आणलाय. त्यात लिहिलंय की मला तीन लाख रुपये मिळतील आणि ‘चाळीतील खोली व गावच्या मिळकतीवर माझा व मुलांचा कोणताही हक्क राहणार नाही.’ गावचं घर २०१४ ला आम्ही नव्यानं बांधलं. चिऱ्याचं. माझ्या पाटल्या त्यात गेल्या, भिशी गेली, गटाचं कर्ज मी फेडलं. जमीन १८ गुंठे, आजेसासऱ्यांना कुळकायद्यात मिळालेली. आता तिथे कुणी रिसॉर्टवाला गिऱ्हाईक आलाय. पंधरा दिवसांत सही कर म्हणतात. ताई, त्या घरात माझा अर्धा वाटा नाही का?”

पत्र वाचून दोन दिवस मला काही सुचले नाही. कारण पहिले उत्तर जे द्यायचे ते कडू आहे, आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. बाई, अर्धा वाटा असा आपल्या कायद्यात नाही.

आपली लग्ने बौद्ध पद्धतीने, त्रिसरण-पंचशील घेऊन होतात. पण घटस्फोटाच्या बाबतीत आपल्याला लागू होतो तो १९५५ चा हिंदू विवाह कायदाच. त्याच्या कलम २ मध्ये बौद्ध, जैन, शीख यांचा उल्लेख स्पष्ट आहे. या कायद्यात नवऱ्याच्या नावावरची मिळकत घटस्फोटाच्या वेळी दोघांत वाटून द्यावी असे कुठेही म्हटलेले नाही. ज्याच्या नावावर, त्याची. बाईने वीस वर्षे चूल पेटवली, तिच्या पगारावर घर चालले, नवऱ्याचा पगार त्यामुळे शिल्लक पडून जमीन आली, तरी ती जमीन कागदावर नवऱ्याचीच.

हे सगळीकडेच असे आहे असे मात्र समजू नका. सिंधुदुर्गात बांद्याच्या पुढे गेले की पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. ती ओलांडली की कायदा बदलतो. गोव्यात पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेतून आलेली पद्धत आजही चालू आहे. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते, त्यात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा असतो, आणि बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला जमीन-घर विकता येत नाही. तिथले समुद्रकाठचे घर घटस्फोटात वाटायचे म्हटले तर आधी यादी होते, मग वाटणी होते. तोच समुद्र, तीच माडाची झाडे, पण अलीकडच्या काठावरच्या बाईला उपकार मागावे लागतात आणि पलीकडची हिशेब मागते.

आपल्याकडेही प्रयत्न झाला नाही असे नाही. नवऱ्याच्या स्थावर मिळकतीत घटस्फोटाच्या वेळी बायकोला वाटा द्यावा असे विवाह कायदे दुरुस्ती विधेयक राज्यसभेने २०१३ साली मंजूर केले होते. लोकसभेत ते अडकले आणि २०१४ साली लोकसभेची मुदत संपताच बाद झाले. परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी किती झीज सोसली आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा का दिला, हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. बाईला घटस्फोटाचा हक्क आणि तिच्या मिळकतीवर तिची पूर्ण मालकी, या दोन्ही गोष्टी त्या बिलात होत्या. त्या पुढे १९५५ आणि १९५६ च्या कायद्यांत तुकड्यातुकड्याने आल्या. संसारात मिळून कमावलेल्या मिळकतीची वाटणी मात्र अजून यायची आहे.

आता कडू संपले. या भगिनीच्या हातात काय आहे ते पाहू, आणि ते थोडे नाही.

आधी ते १८ गुंठेच मोजू या, कारण इथेच नवऱ्याचा डाव उघडा पडतो. जमीन आजेसासऱ्यांना कुळ म्हणून मिळाली. कोकणातल्या आपल्या माणसांना जमीन मिळाली ती काही खोतांनी दानधर्म म्हणून दिलेली नाही. बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात मांडले, पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून आले, तेव्हापासूनची ही लढाई. पुढे कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनापासून कसणारे कूळ मालक मानले गेले. तर आजेसासरे मालक झाले. पत्रात लिहिल्याप्रमाणे ते १९७१ मध्ये वारले. आजेसासू आधीच गेली होती. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. १९५६ च्या वारसा कायद्याने मुलीलाही मुलाइतकाच वाटा. म्हणजे तिघांना सहा-सहा गुंठे. सासऱ्यांच्या वाट्याला सहा. सासरे २००९ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. मागे सासूबाई, एक मुलगा आणि दोन मुली. चौघांना सारखे, प्रत्येकी दीड गुंठा.

गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दीड गुंठा म्हणजे १६३३ चौरस फुटांच्या आसपास. १८ गुंठ्यांचा विसार घेऊ पाहणाऱ्या या गृहस्थाचे स्वतःचे एवढेच आहे! चुलतसासरे, आत्या, सासूबाई आणि दोन्ही नणंदा यांच्या सह्यांशिवाय पूर्ण जमिनीचे खरेदीखत होऊच शकत नाही. शिवाय कुळकायद्यातल्या जमिनीवर कलम ४३ चे बंधन असते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, खरेदीला दहा वर्षे झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम सरकारात भरून विक्री करता येते, पण ती भरावी लागते. आणि घेणारा शेतकरी नसेल तर वेगळी परवानगी.

इथे एक गोष्ट मुलांच्या बाबतीत सांगायला हवी. पुष्कळ ठिकाणी सर्रास सांगतात की वाडवडिलांच्या जमिनीत मुलांना जन्मतः हक्क असतो, मुलींनाही. ते खरे आहे. आपल्या राज्यात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मुलींना तो मिळाला. बाप हयात असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मानेच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली पक्के केले. पण हा हक्क वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत असतो. आजोबांनी स्वतः मिळवलेली जमीन १९५६ नंतर वारसाने मुलाकडे आली तर ती त्या मुलाची स्वतःची होते, नातवंडांना तिच्यात जन्मतः वाटा राहत नाही. या पत्रातली जमीन त्या प्रकारात बसते असे मला दिसते. तरीही जुने फेरफार काढून पाहिल्याशिवाय शेवटचा शब्द बोलू नये. आजेसासऱ्यांच्या वडिलांकडून आलेला एखादा तुकडा त्यात असेल तर गणित बदलेल. तहसील कचेरीत अर्ज करून फेरफाराच्या नकला मिळतात. सातबारा हा मालकीचा पुरावा नव्हे, तो महसुलाचा कागद. खरी गोष्ट फेरफार सांगतो.

म्हणून तयार कागदातले ‘माझा व मुलांचा’ हे शब्द फार बोलके आहेत. मुलांचा हक्क नसेलच, तर तो सोडून घ्यायची घाई कशाला? आणि असेल, तर तो आईचा नाही, आईने परस्पर सोडायचा नाही. मुलगी तर वीस वर्षांची आहे. तिची सही तिची तीच करील किंवा करणार नाही. हे दोन शब्द खोडल्याशिवाय कागदाला हात लावू नका.

आता घर. जमीन सामाईक, घरपट्टी नवऱ्याच्या नावावर, पैसे बाईचे. असा मामला आपल्या प्रत्येक वाडीत आहे. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या किती घरांत बायकांच्या खाणावळीवर, पापड-मसाल्यावर संसार तरले, आणि त्याच पैशातून गावची पडकी घरे उभी राहिली! पण चिऱ्याच्या बिलावर नाव कुणाचे? घरधन्याचे.

कुटुंब न्यायालय कायदा १९८४ चा. त्याच्या कलम ७ प्रमाणे नवरा-बायकोच्या मिळकतीचा वाद त्याच न्यायालयात, घटस्फोटाबरोबर मांडता येतो. वेगळ्या दिवाणी कोर्टात जावे लागत नाही. त्यासाठी लागतो पुरावा. गटाच्या कर्जाचे पासबुक, पाटल्या मोडल्याची सोनाराची पावती, बँकेतून गवंड्याला किंवा चिरेवाल्याला गेलेली रक्कम, भिशीची वही, गटातल्या बायकांची साक्ष. या भगिनीने गटाचे पासबुक जपून ठेवले आहे असे ती लिहिते. शाब्बास! सोनाराची पावती मात्र हरवली आहे. दुकान चालू असेल तर जुन्या वहीत नोंद सापडते का ते विचारावे.

पाटल्या हे स्त्रीधन. माहेरून, सासरहून, लग्नात, लग्नानिमित्त जे बाईला दिले ते तिचे, आणि नवऱ्याने ते वापरले तरी त्याचे होत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ खाली लग्नप्रसंगी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल न्यायालय हुकूम करू शकते. आणि ‘लग्नप्रसंगी’ म्हणजे फक्त अक्षता पडल्या तो दिवस नव्हे, लग्नाशी संबंध असेल तर आधी-नंतर दिलेलेही त्यात येते, असे मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले आहे.

पण माझ्या मते या प्रकरणातले सर्वात मोठे हत्यार दुसरेच आहे. कलम २५, कायमची पोटगी. पोटगी ठरवताना न्यायालय दोघांची कमाई आणि दोघांची मिळकत पाहते. आणि ती पोटगी बुडू नये म्हणून नवऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा चढवण्याचा अधिकार त्याच कलमात न्यायालयाला दिला आहे. म्हणजे वाटा मागता येत नसला तरी त्याच्या दीड गुंठ्यावर, खोलीवर आपल्या पोटगीचा बोजा मागता येतो. बोजा असलेली मिळकत रिसॉर्टवाला घेताना दहादा विचार करील. सध्याची पंधरा दिवसांची घाई का आहे, ते आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

नवरा कोर्टात काय सांगेल तेही सांगून ठेवते. तो म्हणेल, जमीन सीआरझेडमध्ये आहे, कवडीमोलाची आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेपासून समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध आहेत, खाडीकाठालाही आहेत. २०११ आणि २०१९ मध्ये नियम बदलले, काही ठिकाणी सैल झाले. तेव्हा कवडीमोल की लाखमोल हे भरतीरेषेपासून किती अंतर यावर ठरते, नवऱ्याच्या तोंडी सांगण्यावर नाही. गिऱ्हाइकाने विसार दिला असेल तर साठेखत नोंदलेले आहे का ते नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये सापडेल. हा शोध घरच्या मोबाइलवरही घेता येतो, मुलीला सांगा. शिवाय २०२० सालच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही आपापल्या कमाईचे आणि मिळकतीचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. त्यात खोटे लिहिले तर पकडले जाते, आणि विसाराची रक्कम लपवणारा नवरा न्यायाधीशापुढे उघडा पडतो.

बरे, इतके सगळे गावच्या घराबद्दल झाले. खरे सांगू? तुम्ही चुकीच्या घराकडे डोळे लावून बसला आहात. पत्राची चार पाने गावच्या चिऱ्यावर आहेत आणि चाळीतल्या खोलीवर एकच ओळ आहे. नायगावच्या त्या १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर मिळायचे आहे. दादरच्या पोटात! दीड गुंठ्याच्या पैशात तिथे मोरीदेखील येणार नाही. गावच्या घराचे भांडण पुढे करून खोलीची सही गुपचूप उरकायची, असा घाट मला यात दिसतो. मी चुकतही असेन, पण सावध राहिलेले बरे.

खोली नवऱ्याच्या नावावर आहे, तरी ते तुमचे राहते घर आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बायकोला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कुणाच्याही नावावर असो. सासऱ्यांच्या नावावरच्या घरालाही हा हक्क लागू होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली म्हटले. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण नव्हे. पैसे अडवणे, घरखर्च बंद करणे, बाईचे दागिने विकणे हाही त्या कायद्यात आर्थिक हिंसाचार आहे. दीड वर्षात नवऱ्याने एक पैसा दिला नाही असे तुम्ही लिहिता. तेव्हा राहत्या घरातून काढू नये आणि ते विकू नये असा हुकूम दंडाधिकाऱ्याकडे मागता येईल. तोवर कुणी कितीही गोड बोलले, “चार दिवस माहेरी जाऊन ये” म्हटले, तरी खोलीचे कुलूप सोडून जाऊ नका. तडजोड झालीच तर पैशांच्या आकड्याआधी नव्या घराचे बोला : दोघांची नावे, किंवा मुलांच्या नावे, किंवा निदान तुमचा राहण्याचा हक्क लेखी.

राजीखुशीचा घटस्फोट वाईट नाही. रोजच्या मरणापेक्षा तो बरा. पण त्यातल्या अटी एकदा न्यायालयाने मान्य केल्या की पुढे “मला कळले नव्हते” हे सहसा चालत नाही. कलम १३-ब खाली अर्ज केल्यावर सहसा सहा महिन्यांनी पुन्हा संमती विचारतात, आणि तोवर संमती मागे घेता येते. पंधरा दिवसांची मुदत नवऱ्याने घातलेली आहे, कायद्याने नव्हे. अटींत मिळकत लिहायची तर गट नंबर, घर नंबर, क्षेत्र स्पष्ट लिहा, आणि ती अर्जाच्या यादीतही घ्या. नाहीतर पुढे नोंदणीचा आणि मुद्रांकाचा वेगळा घोळ होतो.

वाडीतल्या पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी करू, असेही नवऱ्याने सुचवले आहे म्हणे. त्याला साफ नकार द्या. रूढीने होणारा घटस्फोट कायद्याने वाचवला आहे हे खरे, पण ती रूढी जुनी आहे, अखंड आहे हे सिद्ध करावे लागते. आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला जुन्या रूढी नागपूरला सोडून आलो. आता बायको सोडायच्या वेळी तेवढी एक रूढी आठवायची, हे कसे?

पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. महिलांना, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. पोटगी, घटस्फोट आणि त्यातून उद्भवलेले मिळकतीचे वाद यांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, तेही १९९४ पासून. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात विवाह समुपदेशक बसतात, त्यांना पैसे लागत नाहीत. जाताना मुलीला बरोबर घ्या आणि तो तयार कागदही घ्या.

एक प्रश्न मात्र मला या भगिनीला विचारावासा वाटतो, रागावू नये. पत्राच्या तिसऱ्या पानावर ओझरते लिहिले आहे की मंडणगडला माहेरच्या जमिनीचे हक्कसोडपत्र तुम्ही २०११ मध्ये भावांना एका साडीवर करून दिले. आणि आता तुमच्या दोन नणंदांकडून नवरा तसेच हक्कसोडपत्र घेऊन यायला निघाला आहे. त्या दोघींना भेटा. भांडायला नव्हे. त्यांचाही दीड-दीड गुंठा त्या जमिनीत आहे हे त्यांना कुणी सांगितले असेल असे वाटत नाही. नणंद-भावजयीचे पटत नाही हे जगजाहीर असले, तरी त्या सह्या थांबल्या तर पूर्ण जमिनीची विक्रीही थांबते, आणि तुम्हाला वकील गाठायला वेळ मिळतो.

ज्यांचे संसार नीट चालले आहेत त्यांच्यासाठीही दोन कामे आहेत. नवऱ्याच्या स्वतःच्या जमिनीवर, त्याने अर्ज केला तर, बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. लक्ष्मीमुक्ती या नावाने १९९२ सालच्या शासकीय परिपत्रकाने ही सोय केली आहे. राहते घर किंवा शेतजमीन बायकोला बक्षीसपत्राने द्यायची तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, इतर उपकर वेगळे. गावच्या घरपट्टीला दोघांची नावे लावता येतात, आणि गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांच्या सनदा देण्याची स्वामित्व योजना चालू आहे. आपल्या वाडीची मोजणी झाली का, सनदेवर नाव कुणाचे येते, ते यंदा गावी गेल्यावर ग्रामपंचायतीत विचारून या. बंधूंनो, हे काम तुमचे आहे. बायकोने मागायची वाट पाहू नका.

नायगावच्या भगिनीने या आठवड्यात फेरफाराच्या नकलांसाठी गावी अर्ज पाठवला असल्याचा निरोप आला आहे. सही केलेली नाही. नकला आल्या की पुढचे लिहीन.

पुढील अंकी : परळच्या एका वाचक बंधूंचा प्रश्न, आईच्या नावावरची खोली आणि तीन भाऊ.